तेरीज जुळणारे निरीक्षणपत्रक

‘फर्स्ट’ या अमेरिकी संस्थेच्या रोबॉटिक्स स्पर्धेत माध्यमिक शाळांतील विद्यार्थ्यांचे तीन संघ एका बाजूस आणि तीन दुसऱ्या बाजूस उभे राहतात. सामना अवघ्या काही मिनिटांचा. प्राथमिक फेरीत सोबती कोण, हे संगणक ठरवितो. त्यामुळे दुबळा संघ बलवान सोबत्यांच्या जोरावर वर चढतो आणि गुणी संघ मागे राहतो. पुढील फेरीसाठी मात्र आघाडीच्या आठ कप्तानांना आपले भागीदार स्वतः निवडावयाचे असतात. भागीदार चुकला की पेढीचे काय होते, हे व्यापारी घरांना सांगावयास नको. म्हणून प्रेक्षागारात सहा विद्यार्थी, प्रत्येकी एका रोबॉटवर नजर ठेवून, कागदावर नोंदी करीत बसतात. हेच स्काउटिंग शीट.

नवखे संघ त्यात रकान्यांची गर्दी करतात. लिहिण्यासाठी मान खाली गेली की रोबॉट नजरेआड होतो. ‘चालक कसा आहे? पाचपैकी गुण द्या’ हा रकाना तर निरुपयोगीच. एकाचे तीन ते दुसऱ्याचे पाच. मत नव्हे, मोजणी हवी. २०२३ च्या खेळात शंकू आणि घन तीन पातळ्यांवर ठेवावयाचे होते. चालक रोबॉट हाकत असताना खालच्या पातळीस २, मधल्या पातळीस ३ आणि वरच्या पातळीस ५ गुण. अशा खेळात पातळीगणिक एक चौकट आणि तीत उभ्या रेघा पुरेशा होतात. शेजारी फसलेल्या प्रयत्नांची चौकट मात्र हवीच. चारपैकी चार आणि दहापैकी चार यांत फार अंतर आहे. शून्य आणि कोरी जागाही एक नव्हेत. शून्य म्हणजे रोबॉटने काही केले नाही. कोरी जागा म्हणजे पाहणाऱ्याने पाहिले नाही.

खरे मोलाचे काम सामन्यानंतरचे. तिन्ही पत्रकांतील गुणांची बेरीज अधिकृत गुणफलकाशी ताडून पाहावी. प्रतिपक्षाच्या चुकांमुळे मिळालेले दंडगुण आधी वजा करावेत. तेरीज जुळली नाही, तर कोणाची तरी नजर चुकली आहे. काम कंटाळवाणे खरे, पण ताळा न घेतलेल्या वहीवर भागीदारी कोण करील?

सरासरीवरही विसंबू नये. ६, ६, ६, ६ आणि १२, ०, १२, ० यांची सरासरी एकच. दुसऱ्या रोबॉटची साखळी निसटते की बॅटरी दगा देते, हे त्या संघाच्या दुरुस्तीच्या जागी जाऊन विचारावयास हवे. त्यासाठी पत्रके सामन्यांच्या क्रमाने लावावीत आणि शेऱ्याची एकच ओळ ठेवावी: रोबॉट बंद पडला काय, आणि कितव्या सेकंदाला.