दुर्गाघाटाच्या भिंतींचा खर्च कोणाचा?

काशीत घराला ओल आली की बोट गंगेकडे दाखवले जाते. नदी धोक्याची 71.262 मीटरची पातळी ओलांडते तेव्हा तिला मिळणाऱ्या वरुणा नदीच्या काठच्या वस्त्यांत पाणी शिरते, 1978 साली तर ती 73.901 मीटरपर्यंत चढली होती. पण पेशवाईपासून काशीवासाला आलेल्या मराठी कुटुंबांची वस्ती जिथे आहे ते दुर्गाघाट, ब्रह्माघाट, पंचगंगा हे भाग उंच काठावर आहेत. तिथल्या खोल्यांतली बहुतेक ओल येते ती तुंबलेल्या मोरीतून, फुटक्या नळातून आणि भेगाळलेल्या गच्चीतून. म्हणजे ती थांबवता येण्याजोगी आहे, आणि म्हणूनच तिच्याबद्दल गप्प बसणे मला मान्य नाही.

या जुन्या घरांच्या भिंती लाखोरी विटांच्या, चुना-सुरखीत बांधलेल्या. चुन्याची भिंत पाणी ओढून घेते तशी बाहेरही सोडते. गल्लीत ऊन उतरत नसले तरी हवा लागली की ती हळूहळू कोरडी होते. घोटाळा होतो तो दुरुस्तीतच. पोपडे निघाले की गवंडी सिमेंटचा गिलावा मारतो. तो स्वस्त, दोन दिवसांत होणारा आणि पहिल्या हिवाळ्यात दिसायला छान. पण सिमेंटने तोंड बंद केलेल्या भिंतीतले पाणी बाहेर पडायला जागा शोधत आणखी वर चढते. त्याबरोबर क्षार येतात, गिलाव्यामागे त्यांचे स्फटिक फुगतात आणि पुढच्या खेपेस गिलावा विटेचा पापुद्रा घेऊनच खाली येतो. मग पुन्हा सिमेंट. दर पावसाळ्यानंतर पैसे खर्च होतात आणि भिंत दरवर्षी थोडी पातळ होते. खोलीत राहणाऱ्याच्या वाट्याला काळी बुरशी, कुबट अंथरुणे आणि खोकला येतो. ओल आणि बुरशीचा दम्याशी असलेला संबंध जागतिक आरोग्य संघटनेने 2009 च्या मार्गदर्शिकेत स्पष्ट मांडला आहे.

हा खर्च करायचा कोणी? उत्तर प्रदेशच्या 1972 च्या भाडे कायद्याने घरात वारा-पाणी शिरू न देण्याची जबाबदारी मालकावर टाकली होती. 2021 च्या नव्या कायद्यातही मोठी दुरुस्ती मालकाचीच. त्याने टाळली तर भाडेकरूने करून घ्यावी आणि भाड्यातून कापून घ्यावी. कागदावर हे रास्त वाटते. पण दोन पिढ्यांपूर्वी ठरलेल्या किरकोळ भाड्यातून कापणार तरी किती? गच्चीचे एक काम निघाले तर ते वसूल व्हायला भाडेकरूचे आयुष्य पुरणार नाही. मालकालाही त्या भाड्यात चुन्याचा घाणा परवडत नाही, वारस चार गावांत पांगलेले असतात, आणि इमारत पडली तर जागा मोकळीच होते हा हिशेब काहींच्या मनात असतो. तो मनात ठेवून ओल वाढू देणे हा गुन्हा आहे, असेच मी म्हणेन.

6 ऑगस्ट 2024 च्या पहाटे विश्वनाथ मंदिराजवळच्या खोवा गल्लीत दोन जुनी घरे कोसळली आणि एका महिलेचा जीव गेला. अशा घटनेनंतर जर्जर इमारतींना नोटिसा निघतात. नोटिशीत घर रिकामे करा असे असते, दुरुस्तीला पैसे कुठून आणायचे हे नसते. त्याच मंदिराभोवतीच्या कॉरिडॉरसाठी तीनशेहून अधिक मालमत्ता विकत घेऊन पाडल्या गेल्या, पहिल्या टप्प्यावर सुमारे 339 कोटी रुपये खर्च झाले. पाडण्यासाठी पैसा उभा राहतो, तर मागच्या गल्लीतली गच्ची राखण्यासाठीही राहिला पाहिजे.

मुंबईने निदान रस्ता आखून दिला आहे. 1969 च्या कायद्याने तिथल्या 19,642 जुन्या इमारतींवर उपकर बसला आणि त्यातून दुरुस्ती करणारे मंडळ उभे राहिले. पैसा पुरला नाही, रांगा लांबल्या, इमारती कोसळायच्या थांबल्या नाहीत, हे सगळे खरे. तरीही दुरुस्ती हा मालक आणि भाडेकरू यांच्यातला खासगी तंटा नसून शहराचे काम आहे, हे त्या कायद्याने मान्य केले. काशीत तेवढेही झालेले नाही. दुरुस्तीला मुदतही घालता येते: इंग्लंडमध्ये अवाब इशाक हा दोन वर्षांचा मुलगा 2020 मध्ये सामाजिक गृहनिर्माणातल्या घरातल्या बुरशीमुळे दगावला. त्याच्या नावाच्या कायद्याने आता अशा घरांत घातक ओलीची तक्रार आल्यावर दहा कामकाजी दिवसांत तपासणी करणे बंधनकारक आहे, तातडीचा धोका असेल तर चोवीस तासांत.

वाराणसी नगर निगमाने घाटांमागच्या पक्के महाल या जुन्या भागातल्या घरांसाठी मुंबईसारखाच छोटा उपकर घ्यावा, राज्याने तेवढीच भर घालावी आणि तो पैसा आधी गच्ची, मोऱ्या आणि नळ यांवर लावावा, गिलावा त्यानंतर, आणि तोही चुन्याचा. पाणी येण्याची वाट बंद केल्याशिवाय भिंतीला हात लावू नये. चैत्र-वैशाखात भिंती सर्वांत कोरड्या असतात, कामे तेव्हाच झाली पाहिजेत. कोणत्या घरापासून सुरुवात करायची यासाठी नवे सर्वेक्षण नको; नोटिसा ज्यांना गेल्या त्यांची यादी निगमाकडे आहेच.