अभ्यासिकेतल्या मुलांना वाली कोण?

मा. संपादक,


सर्वोच्च न्यायालयाने २५ जुलै २०२५ रोजी विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्यासाठी मार्गदर्शक सूचना दिल्या. शंभर किंवा त्याहून अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक हवा आणि मदतीचे क्रमांक वर्गांत, वसतिगृहांत ठळकपणे लावायला हवेत, असे त्यांत म्हटले आहे. खासगी क्लासही त्यांतून सुटलेले नाहीत. या निर्णयाचे मोल मोठे आहे. तरीही पुण्याच्या पेठांमध्ये स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करणारी असंख्य मुलेमुली त्याच्या कक्षेबाहेरच राहतात, म्हणून हे पत्र.

मी नवी पेठेत अभ्यासिका चालवतो. येथे येणाऱ्या बहुतेकांची पदवी झालेली असते, क्लासही संपलेला असतो. कॉट बेसिसवरची जागा, महिन्याची मेस आणि अभ्यासिकेतली एक खुर्ची, यावर त्यांचे दिवस चालतात. कुठल्याच संस्थेच्या हजेरीपटावर त्यांचे नाव नाही. मग त्यांच्यासाठी समुपदेशक नेमणार कोण?

या मुलांवरचा ताण परीक्षेपुरता नसतो. जाहिरात, पूर्व, मुख्य, मुलाखत, निकाल, नियुक्ती या वाटेवर वर्षे जातात. १४ मार्च २०२१ची राज्यसेवा पूर्व परीक्षा तीन दिवस आधी पुढे ढकलली गेली, तेव्हा पुण्यात रस्त्यावर उतरलेली मुले सगळ्या महाराष्ट्राने पाहिली. रस्त्यावर आलेल्याचा राग निदान दिसतो. पण जो खोलीतच पडून राहतो, तो कोणाला दिसणार? घरच्यांनी पोटाला चिमटा काढून पैसे पाठवलेले असतात, त्यामुळे फोनवर ‘अभ्यास चांगला चाललाय’ याखेरीज काही सांगायची त्याला सोय नसते. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या आणि त्यांत सर्वाधिक महाराष्ट्रातले होते.

उदासी, कशातच रस न वाटणे, झोप-भूक बिघडणे, वाचलेले डोक्यात न शिरणे हे दोन आठवडे टिकले, तर तो आळस समजू नये. नैराश्याचा आजार असू शकतो. तो आधी दिसतो रूममेटला, मेसच्या काकूंना आणि आम्हा अभ्यासिकावाल्यांना. डबा न उघडता परत जातो, रोजची खुर्ची रिकामी राहू लागते. अशा वेळी यशस्वी अधिकाऱ्यांची व्याख्याने ठेवून भागत नाही. आजारी मुलाला त्यातून ‘सगळ्यांना जमते, मलाच जमत नाही’ एवढेच ऐकू येते. त्याला उपचार हवे असतात.

काही जण विचारतील, मुले सज्ञान आहेत, अभ्यासिकावाल्याने डॉक्टर व्हायचे का? मुळीच नाही. निदान डॉक्टरच करतील. आपण बाजूला घेऊन विचारायचे, उपदेश न करता ऐकायचे आणि गरज असेल तर सोबत दवाखान्यात जायचे. एवढे शिकवणारे छोटे प्रशिक्षण महापालिकेने अभ्यासिका, मेस आणि वसतिगृहे चालवणाऱ्यांना द्यावे. पेठांतल्या दवाखान्यांत आठवड्यातून निदान एका संध्याकाळी मानसोपचारतज्ज्ञ बसावेत.

आणखी एक भीती दूर व्हायला हवी. उपचार घेतले तर पुढे वैद्यकीय तपासणीत किंवा नेमणुकीत आडवे येईल, या धास्तीने कित्येक जण डॉक्टरांकडे जात नाहीत. २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने रुग्णाला गोपनीयतेचा आणि सरकारी खर्चाने चालणाऱ्या सेवेत उपचार मिळवण्याचा हक्क दिला आहे. नैराश्यावरच्या उपचारांचा नेमणुकीशी नेमका काय संबंध असतो, हे राज्य सरकारने आणि लोकसेवा आयोगाने सोप्या मराठीत जाहीर करावे.

माझ्या व्यवसायबंधूंनी मात्र आदेशाची वाट पाहू नये. ‘टेलिमानस’ या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. तो मोफत आहे, चोवीस तास चालतो आणि त्यावर मराठीत बोलता येते. तो आजच प्रत्येक अभ्यासिकेच्या आणि मेसच्या दारावर मोठ्या अक्षरांत लागू शकतो. या मुलांच्या पैशांवर आपली घरे चालतात. त्यांची विचारपूस हा आपल्या व्यवसायाचाच भाग आहे.

आपला,
एक अभ्यासिकाचालक, नवी पेठ, पुणे