क्लच किती चालतो? प्रश्नच चुकलाय!

दोन शनिवार रिलीजने खाल्ले. आज जरा निवांत बसलोय, पण डोकं तापलेलं आहे. तेव्हा सूर थोडा चढा लागणार, आधीच सांगून ठेवतो.

झालं असं, की न्यू जर्सीतल्या माझ्या मावसभावाने, म्हणजे आमच्या दादाने, गेल्या वर्षी एक जुनी माझदा मियाटा घेतली. १९९९ चं मॉडेल. दोन सीटा, उघडं छप्पर, हाताने टाकायचे पाच गिअर. अमेरिकेबाहेर हिलाच एमएक्स-५ म्हणतात. विकणारा म्हणाला, "हिचा क्लच लाख मैल जातो, गाडी ५२ हजारच चाललीय. अजून निम्मं आयुष्य बाकी आहे." दादाने लगेच मला फोन लावला. "तू मेकॅनिकलवाला ना रे? हे बरोबर आहे का?" आणि मी, डिग्री मेकॅनिकलची पण पोट जावावर भरणारा, ऐटीत म्हणालो, "हो हो, साधारण तेवढा जातो."

नवव्या आठवड्यात चढावर, चौथ्या गिअरमध्ये, दादाने पाय दाबला. इंजिन ओरडलं, आरपीएमचा काटा वर गेला आणि गाडी होती त्याच वेगात. क्लच प्लेट संपली होती. हजारावर डॉलर गेले. प्लेट त्यामानाने स्वस्त असते हो, पैसे लागतात ते गिअरबॉक्स उतरवायच्या मजुरीचे.

दादा मला काही बोलला नाही. तेच जास्त लागलं.

तेव्हापासून "क्लच किती चालतो" हा प्रश्न आणि त्याला मैलांत किंवा किलोमीटरमध्ये उत्तर देणारा प्रत्येक माणूस माझ्या डोक्यात जातो. मी स्वतः धरून.

मुळात बघा. टायर रस्त्यावर सतत घासतो, त्यामुळे त्याचं आयुष्य किलोमीटरमध्ये मोजणं ठीक आहे. क्लचचं तसं नाही. पेडल पूर्ण सोडलं की क्लच प्लेट फ्लायव्हील आणि प्रेशर प्लेटच्या मध्ये घट्ट धरली जाते आणि सगळं एकत्र फिरतं. घासणं शून्य! हायवेवर पाचव्या गिअरमध्ये २०० किलोमीटर जा, प्लेट जवळजवळ जशीच्या तशी राहते. ती झिजते फक्त घसरताना, म्हणजे पेडल अर्धवट असतानाच्या त्या एक-दोन सेकंदांत. मी स्वतः एका मंगळवारी हिंजवडीला जाताना मोजलं होतं. १८ किलोमीटरमध्ये १३७ वेळा क्लच दाबला. (मोजण्याच्या नादात एकदा गाडी बंद पडली, ती धरलेली नाही.)

आता स्पोर्ट्स कारचा मुद्दा. उभी गाडी निघते तेव्हा क्लचमध्ये जी उष्णता तयार होते, ती साधारणपणे गाडीला मिळालेल्या गतिज ऊर्जेइतकी असते. इंजिनाचा वेग स्थिर धरला तर हे गणित दोन ओळींत सुटतं, दुसऱ्या वर्षाच्या पोरालाही जमेल. चालकासकट ११०० किलोची मियाटा धरा. १५०० आरपीएमवर शहाण्यासारखी सोडली तर क्लच ताशी १२ किलोमीटरच्या आसपास पूर्ण धरतो. उष्णता सुमारे ६ किलोज्यूल. तीच गाडी सिग्नलवर शेजारच्या मस्टँगला दाखवायला ५००० आरपीएमवर सोडली तर क्लच धरेपर्यंत ४० चा वेग येतो आणि उष्णता होते ६८ किलोज्यूल. अकरा पट! ओडोमीटरवर मात्र दोन्ही वेळा तेवढेच मीटर पडतात. वर ती उष्णता एकदम येते, लायनिंग जळतं आणि पकड जाते, ते वेगळंच.

म्हणून स्पोर्ट्स कारच्या बाबतीत किलोमीटरचा आकडा नुसता ढोबळ नाही, तो फसवा आहे. "कमी चाललेली" गाडी म्हणजे चांगली गाडी हे आपलं ठाम मत. आपल्याकडे तर "डॉक्टरची गाडी, फक्त दवाखान्यात जायची" म्हटलं की गिऱ्हाईक खूश. अहो, दवाखान्यात जाणारी म्हणजे गल्लीबोळातून, सिग्नलवरून जाणारी! क्लचच्या दृष्टीने रोज हायवेवरून ६० मैल जाणारी, लाख मैलांची मियाटा त्या ५२ हजारवालीपेक्षा तरुण असू शकते.

यावर नेहमीचं उत्तर येतं, "ते सगळं चालवणाऱ्यावर आहे." सर्व्हिस सेंटरवाल्यांचं तर हे आवडतं वाक्य. वॉरंटीत क्लच नाही, कारण तो तुमच्या पायावर आहे. मान्य! शंभर टक्के मान्य. मग माझ्या पायाचा हिशोब मला दाखवा की!

आणि हे अशक्य आहे असं मला सांगू नका. फेरारीने १९९७ साली एफ३५५ ला पॅडलवाला 'एफ१' गिअरबॉक्स दिला. क्लच पेडल गेलं, पण आत क्लच साधाच, कोरडा. फक्त पायाच्या जागी हायड्रॉलिक्स आणि कॉम्प्युटर. पुढे ३६० आणि एफ४३० मध्येही हीच पद्धत होती. या गाड्यांना डायग्नॉस्टिक मशीन जोडलं की क्लच किती टक्के झिजलाय ते सरळ दिसतं. त्यामुळे या गाड्यांच्या सेकंडहँड बाजारात जाणता गिऱ्हाईक किलोमीटरबरोबर तो टक्काही विचारतो. पोर्शचंही असंच. ९११ चा कॉम्प्युटर इंजिन मर्यादेबाहेर किती वेळा पळवलं त्याची नोंद ठेवतो आणि वापरलेली गाडी घेताना लोक तो रिपोर्ट मागतात. म्हणजे माहिती गाडीत असते. फक्त ती बघायला डीलरकडे जावं लागतं, नाहीतर तसलं मशीन असलेला माणूस गाठावा लागतो.

आमच्या धंद्यात काय होतं बघा. साध्यातली साधी एसएसडी घ्या, ती स्वतःहून सांगते की आजवर माझ्यावर एवढा डेटा लिहिला गेला, माझं एवढे टक्के आयुष्य संपलं. फुकटातलं सॉफ्टवेअर टाका आणि वाचा. तिची हमीही नुसत्या वर्षांत नसते, किती टेराबाइट लिहिले त्यावरही असते. कारण ती झिजते लिहिण्याने. आणि लाखो रुपयांच्या गाडीत मात्र आपण अजून ओडोमीटर बघून क्लचची कुंडली मांडतोय!

आजच्या मॅन्युअल स्पोर्ट्स कारमध्ये इंजिनाचा वेग कॉम्प्युटरला माहीत असतो, चाकांचा माहीत असतो, क्लच पेडलला स्विच असतो, इंजिन किती टॉर्क देतंय याचा अंदाजही असतो. दोन वेगांतला फरक गुणिले टॉर्क, त्याची बेरीज करत जा. झाला क्लचचा मीटर. कोड लिहायला एक वीकेंड पुरे. (टेस्टिंगला सहा महिने, माहितीये मला.) आकडा अगदी अचूक येणार नाही, पण "लाख मैल" पेक्षा नक्कीच खरा असेल.

काही जण म्हणतील, आता ड्युअल क्लच आलेत, हा वाद जुना झाला. फेरारीनेही २००८ च्या कॅलिफोर्नियापासून तो रस्ता धरला, खरं आहे. पण जुन्या गाड्या कुठे गेल्या? दादासारखे लोक त्याच घेणार, आणि अगदी याच प्रश्नावर पैसे घालवणार.

मीटर मिळेपर्यंत निदान एवढं करा. गाडी घेण्याआधी इंजिन गरम झाल्यावर चौथ्या गिअरमध्ये, कमी आरपीएमवर, रिकाम्या रस्त्यावर पूर्ण ॲक्सिलरेटर द्या. काटा वेगाच्या पुढे पळाला तर क्लचचे पैसे किमतीतून कापा. दोन मिनिटांचं काम आहे. फोनवर मी दादाला एवढं जरी सांगितलं असतं...

असो. नवीन क्लच बसला, गाडी मस्त पळतेय. परवा दादाचा मेसेज आला, "आता हा किती मैल जाईल रे?"

मी उलट विचारलं, "घर ते ऑफिस सिग्नल किती?"

अजून मोजतोय म्हणे.