अद्भुताचे वाचन आणि भाषेचे भान

‘मुक्तामाला’ (१८६१) आणि ‘मंजुघोषा’ (१८६८) या अद्भुतरम्य कादंबऱ्यांची बोळवण आपल्या वाङ्मयेतिहासात बहुधा एका परिच्छेदात होते. वास्तववाद हीच वाङ्मयीन प्रौढत्वाची खूण, हे त्यामागील गृहीतक मला मान्य नाही.

जे. आर. आर. टॉल्किन हे ऑक्सफर्डचे भाषाविद. फिनिशच्या नादावरून त्यांनी क्वेन्या, तर वेल्शच्या ध्वनिरचनेवरून सिंदारिन ही भाषा घडवली. भाषा आधी आल्या, कथा मागाहून. ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ (१९५४-५५) मी पुनःपुन्हा वाचतो तो कथानकासाठी नव्हे. हाती पेन्सिल असते. प्रत्येक स्थळनाम मोठ्याने उच्चारून, त्याचे घटक सुटे करून मगच पान उलटतो.

वास्तववादी कादंबरीत ‘पुणे’ म्हणताच परिचित शहर लेखकाच्या मदतीला येते. अद्भुतात असा आधार नसतो; तेथे शब्दालाच जग उभे करावे लागते. म्हणून भाषेच्या विद्यार्थ्याला हे वाचन पलायन नसून कसोटी आहे. ‘मंजुघोषा’ म्हणजे मधुर स्वर असलेली. तिच्याविषयीचा अभिप्राय पाठ करण्यापूर्वी विद्यार्थ्यांनी त्या कादंबरीची काही पाने मोठ्याने वाचावीत आणि मग स्वतःचे मत बनवावे.