सरकारी ड्रोन आणि गांवचें संरक्षण

शेतकऱ्याला आकाशाकडे पाहण्याची संवय पिढ्यान्‌पिढ्यांची आहे. पण ती पावसासाठीं. अलीकडे जुन्नर व आंबेगांव तालुक्यांतील शेतकरी रात्रीं उंसाला पाणी देतांना मान वर करतो, तो निराळ्याच कारणानें. डोक्यावर घरघर करीत जाणारें यंत्र सरकारचें आहे कीं चोराचें, हें त्याला कळत नाहीं. २०२४ सालच्या पावसाळ्यांत पुणें जिल्ह्याच्या ग्रामीण भागांत रात्रीं ड्रोन फिरत असल्याच्या बोभाट्यानें लोकांनीं किती रात्री जागून काढल्या, याची आठवण वाचकांना असेलच. उलट पक्षीं, बिबट्याच्या भयानें गांजलेलीं तींच गांवें ‘ड्रोन पाठवा’ म्हणून वनखात्याकडे अर्ज करीत असतात. एकाच यंत्राची एकीकडे धास्ती व दुसरीकडे आशा, हा विचित्र प्रकार कां व्हावा? आमच्या मतें दोष यंत्राचा नसून व्यवस्थेचा आहे.

कायद्याच्या दृष्टीनें ड्रोन हें मनुष्यरहित विमानच होय. २०२१ सालच्या ड्रोन नियमांनीं त्याचे वजनावरून पांच वर्ग केले असून २५० ग्रॅमपर्यंतचा सर्वांत लहान, तर १५० किलोहून जड तो सर्वांत मोठा. लष्कराचीं यंत्रें सोडल्यास नोंदणी, क्रमांक व चालकाचें शिक्षण यांविषयीं त्यांत तरतुदी आहेत. परंतु नियम कागदावर असणें आणि यंत्र वेळेवर शेताच्या बांधावर पोहोंचणें, यांत मोठें अंतर आहे.

यंत्राचा उपयोग किती, हेंही नीट समजून घेतलें पाहिजे. शेजारच्या शिरूर तालुक्यांतील पिंपरखेड परिसरांत २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरांत सुमारें तीन आठवड्यांत बिबट्यानें तीन बळी घेतले. त्यांत दोन लहान मुलें होतीं. लोकांचा संताप अनावर होऊन मंचर येथें पुणें-नाशिक रस्ता रोखला गेला. पुढें शोधपथकानें उष्णता टिपणाऱ्या ड्रोनच्या साह्यानें त्या जनावराचा माग काढला व त्यास ठार करण्यांत आलें. ही गोष्ट यंत्राच्या बाजूची खरी. पण ड्रोन बिबट्या धरीत नाहीं. तो केवळ दाखवितो. दुपारीं जमीन तापली म्हणजे जनावराची उष्णता भोंवतालांत मिसळून जाते. रात्रीं व पहांटे ती स्पष्ट दिसते. दाट उंसाच्या पाचटाखालीं बसलेलें जनावर वरून दिसेलच असें नाहीं. लहान ड्रोनची बॅटरी साधारणतः अर्ध्या तासाच्या आंतच संपते. म्हणजे भारलेल्या जादा बॅटऱ्या, रात्रींचा सराव असलेला चालक आणि खालीं पिंजरा घेऊन तयार असलेलीं माणसें, एवढें सर्व जमलें तरच यंत्राचें चीज होतें.

येथेंच आमची मुख्य तक्रार आहे. सरकारी खात्यांना यंत्र विकत घेण्याची हौस असते. तें राखण्याची नसते. वनखात्यानें एक घ्यावा, पोलिसांनीं दुसरा घ्यावा, महसुलानें तिसरा. आणि प्रसंग आला म्हणजे एकाची बॅटरी बसलेली, दुसऱ्याचा चालक बदलून गेलेला व तिसरा कपाटांत कुलुपबंद असावा, हें कांहीं अशक्य नाहीं. भाऊबंदकीच्या सामाईक विहिरीवरील इंजिनाचा अनुभव कोणाला नाहीं? पाणी सर्वांना हवें, तेल घालावयाला कोणी नाहीं.

म्हणून आम्ही असें सुचवितों कीं, दोन्ही तालुक्यांसाठीं लागणारीं हीं यंत्रें एकाच कचेरीच्या ताब्यांत असावीं. तेथें अहोरात्र पाळीनें पगारी चालक असावे आणि वन, पोलिस व महसूल या तिन्ही खात्यांनीं तेथूनच मागणी करावी. प्रत्येक उड्डाणाची नोंद वहींत व्हावी : हुकूम कोणाचा, गांव कोणतें, कारण काय, किती मिनिटें, फळ काय. ही वही ठरावीक मुदतीनें ग्रामपंचायतीपुढें ठेवावी. बिबट्या शोधण्यासाठीं यंत्र येणार असल्यास पोलिस पाटलामार्फत गांवाला आधीं कळवावें. चोरांच्या मागावर असतां तसें करतां येणार नाहीं, हें आम्हांस मान्य आहे; पण तेथेंही मागाहून नोंद दाखविण्यास हरकत नसावी. बिबट्यासाठीं उडालेल्या डोळ्यानें लोकांच्या अंगणांत डोकावूं नये, हें सांगणें नकोच.

असें कळविणें शक्य नाहीं म्हणणाऱ्यांस एक उदाहरण देतों. गांवठाणांची ड्रोननें मोजणी करण्याचा प्रयोग पुरंदर तालुक्यांतील सोनोरीस झाला व पुढें २०२० पासून स्वामित्व योजनेंत तें काम देशभर सुरू झालें. त्या वेळीं गांवाला आधीं सांगून, हद्दींवर चुन्याच्या रेषा आंखून मगच ड्रोन उडविण्याची रीत ठेवली होती. लोक भ्याले नाहींत. उलट स्वतः चुना घेऊन पुढें आले.

दुसरी गोष्ट आमच्या डोंगरी भागाची. ३० जुलै २०१४ च्या सकाळीं आंबेगांव तालुक्यांतील माळीण डोंगराखालीं गाडलें गेलें. दीडशेंच्या वर माणसें गेलीं, आणि गांव जागेवर नाहीं हें प्रथम लक्षांत आलें तें एस. टी. च्या चालकाच्या. २०२३ च्या जुलैंत रायगड जिल्ह्यांतील इर्शाळवाडीवर दरड कोसळली, तेव्हां हेलिकॉप्टरें सज्ज असूनही खराब हवेमुळें त्यांचा उपयोग होऊं शकला नाहीं. मदतीचीं माणसें पायींच डोंगर चढलीं. यावरून बोध असा कीं, ऐन मुसळधारेंत आकाशावर भिस्त ठेवणें फोल आहे. यंत्राचें खरें काम वैशाखांत आहे. पावसाळ्यापूर्वीं उतारांवरील भेगा, नवे कापलेले रस्ते व बुजलेले ओहळ वरून टिपून, तें चित्र भूगर्भशास्त्र जाणणाऱ्यापुढें व गांवकऱ्यांपुढें ठेवावें, म्हणजे वेळीं घरें हलवितां येतील.

कोणी म्हणतील कीं, हा पैसा पिंजऱ्यांवर व शेतीला दिवसा वीज देण्यावर खर्चावा. तें दोन्ही आम्हांस हवेंच आहे. रात्रीं पाण्यावर जावें लागतें तोंवर भय सरणार नाहीं. परंतु जें यंत्र सरकारनें आमच्याच करांतून घेतलें, तें निदान नीट राखलें जावें, ही मागणी अवास्तव नाहीं. येत्या ग्रामसभेंत प्रत्येक गांवानें एवढाच प्रश्न लेखी विचारावा : आमच्या भागाचा ड्रोन कोठें आहे, तो कोण चालवितो, आणि शेवटीं केव्हां उडाला? उत्तर तत्काळ मिळालें तर व्यवस्था आहे असें समजावें. न मिळाल्यास ती करवून घेणें हें आपलेंच काम आहे.