भिलाईचे लोखंड, कोंडागावची ऐरण

छत्तीसगडमध्ये सरकारी किंवा कंपनीचा समारंभ असला, की पाहुण्याच्या हातात शाल-श्रीफळासोबत बस्तरची एखादी वस्तू पडते. कधी ढोकऱ्याचा हत्ती, कधी लोखंडी हरणांची जोडी, कधी उभट दिवा. सत्कार घेणाऱ्याला वस्तू आवडते, देणाऱ्याला संस्कृती जपल्याचे समाधान मिळते आणि ती काचेच्या कपाटात जाते. हस्तकला जपायची म्हणजे एवढेच, असा आपला सोयीचा समज आहे. भिलाईसारख्या गावाने तरी त्यावर समाधान मानू नये. 4 फेब्रुवारी 1959 रोजी राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते इथल्या पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी सुरू झाली. सोव्हिएत रशियाच्या मदतीने उभ्या राहिलेल्या या कारखान्याचे रूळ देशभर पसरले. ज्या प्रदेशाने देशाला एवढे लोखंड दिले, तिथले लोहार आणि पितळ ओतणारे घडवे कोणत्या अटींवर जगतात, हा खरा प्रश्न आहे. शोभेच्या वस्तूंची आवड वाढवून तो सुटणार नाही. कारागिराला माल कोणत्या भावाने मिळतो, रोजच्या वापराचे गिऱ्हाईक त्याच्याकडे येते का आणि वस्तू कशी करायची हे कोण ठरवते, या गोष्टींवर त्याचे भवितव्य ठरते. बाकी सारी सजावट.

यंत्रयुगाला हाताच्या कामाने उत्तर द्यायची सर्वांत गाजलेली चळवळ एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्लंडमध्ये झाली आणि तिचे अपयश आपल्याला बरेच शिकवून जाते. जॉन रस्किन यांचे म्हणणे असे, की कामातून विचार काढून घेतला की कामगार हत्यारासारखा होतो. विल्यम मॉरिस यांनी 1861 मध्ये भागीदारांसह कंपनी काढून ते प्रत्यक्षात आणायचा प्रयत्न केला. भिंतीचे कागद, कापड, फर्निचर, सारे देखणे आणि प्रामाणिक; पण परवडणार कोणाला? आपण आयुष्यभर श्रीमंतांच्या चैनीची सेवा केली, ही खंत समाजवादी मॉरिस यांना शेवटपर्यंत होती. सी. आर. अ‍ॅशबी यांनी 1888 मध्ये लंडनमध्ये कारागिरांचा संघ काढला, 1902 मध्ये तो चिपिंग कॅम्पडन या खेड्यात नेला. लिबर्टीसारख्या मोठ्या दुकानाने त्याच धाटणीच्या वस्तू यंत्राच्या मदतीने स्वस्तात विकायला काढल्या आणि 1908 पर्यंत संघ बुडाला. अ‍ॅशबींची शैली टिकली, किंबहुना फोफावली. संघातल्या कारागिरांना मात्र पोटापाण्याची दुसरी वाट शोधावी लागली.

या चळवळीची एक शाखा मुंबईतून गेली होती. जॉर्ज बर्डवुड हे पेशाने डॉक्टर, मुंबईच्या आजच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयाशी सुरुवातीपासून जोडलेले. 1880 मध्ये त्यांनी भारतीय कारागिरीवर पुस्तक लिहिले आणि आपल्या गावगाड्याचे मनापासून कौतुक केले. पण त्या कौतुकातला कुंभार काळाबाहेर बसलेला आहे. त्याला सारा भरावा लागत नाही, त्याच्या गावाला रेल्वे येत नाही, जंगलात त्याला कोणी अडवत नाही. कारागिराला असे चित्रात बसवले की त्याच्या अडचणी दिसेनाशा होतात. आज प्रदर्शनांच्या माहितीपत्रकांतून ‘हजारो वर्षांची परंपरा’ हे शब्द वाचताना बर्डवुडच आठवतात.

वास्तव पाहायला लांब जायला नको. भिलाईभोवतीचा दुर्गचा मुलूख तेव्हा नागपूर राजधानी असलेल्या मध्य प्रांतात होता. राजहराच्या डोंगरातल्या लोखंडाची नोंद भूगर्भशास्त्रज्ञ प्रमथनाथ बोस यांनी 1887 च्या सुमारास केली. पुढे दोराबजी टाटांना नागपूरच्या संग्रहालयातल्या भूशास्त्रीय नकाशावर दुर्गचा पट्टा दिसला. टाटांनी अखेर मयूरभंजचे खनिज निवडले आणि राजहराचा डोंगर भिलाईची वाट पाहत राहिला. पण शास्त्रज्ञांच्या कितीतरी आधीपासून मैकल डोंगररांगांत अगरिया लोक मातीच्या छोट्या भट्ट्यांत लाकडी कोळशावर लोखंड गाळत होते. पायाने दाबायचे भाते, खाली जमणारा लोखंडाचा गोळा, तो पुन्हा तापवून ठोकायचा आणि त्याचे फाळ, कुऱ्हाडी करायच्या. वेरिअर एल्विन यांनी अगरियांवरचे पुस्तक 1942 मध्ये प्रसिद्ध केले. शामराव हिवाळे हे मराठी गृहस्थ त्या साऱ्या वर्षांत त्यांचे सहकारी होते. एल्विन यांच्या पुस्तकात या धंद्याच्या ऱ्हासाची कारणे सापडतात. भट्टीमागे कर बसला. राखीव जंगलांमुळे कोळसा पाडणे अवघड आणि महाग झाले. कारखान्याचे लोखंड बाजारात आले ते या दोन्ही ओझ्यांनी वाकलेल्या माणसासमोर. यंत्राने हाताला मारले, हे आपण सहज म्हणतो. इथे करआकारणी आणि जंगल कायदा यांनीही तेवढाच हातभार लावला होता. हा फरक महत्त्वाचा आहे. यंत्राला दोष दिला की कोणालाच जबाबदार धरावे लागत नाही. कर आणि कायदे माणसांनी केलेले असतात, ते बदलता येतात.

लोखंड गाळणे जवळपास संपले, घडवणे मात्र टिकले. भिलाईपासून सव्वादोनशे-अडीचशे किलोमीटरवरच्या कोंडागाव परिसरात लोहार आजही भट्टी पेटवतात. पट्टी निखाऱ्यात लाल होते, सांडशीने ऐरणीवर येते, हातोड्याचे घाव पडतात, थंड होण्याआधी छन्नीने तिचे टोक चिरले जाते. त्या चिरलेल्या टोकांतून हरणाची शिंगे निघतात, माणसाचे हातपाय निघतात. जोड द्यायचा तर दोन्ही तुकडे तापवून एकमेकांवर ठोकायचे. लोखंड किती लाल झाले की उचलायचे, हे कोणत्याही मापकावर लिहिलेले नसते. ते डोळ्याला कळावे लागते आणि कळायला वर्षे जातात. शेजारच्या घडव्यांचे ढोकरा कामही असेच: भाताच्या तुसाची माती, तिच्यावर मेणाचे धागे, वरून पुन्हा माती, मग वितळलेले पितळ. वस्तू काढायला साचा फोडावाच लागतो, त्यामुळे तीच मूर्ती पुन्हा हुबेहूब निघत नाही. दिवंगत जयदेव बघेल यांच्यामुळे हे काम देशाबाहेरही पोचले.

लोहार घडवतो ते लोखंड मात्र आता कारखान्याचेच असते. भंगार, पट्ट्या, सळया, बाजारातून वजनावर आणलेल्या. हस्तकला आणि कारखाना यांचे हाडवैर आहे असे मानणाऱ्यांनी इथे क्षणभर थांबावे. कारखाना आल्यावरही लोहारकी टिकली, कारण गावाला तिची गरज उरली: फाळ, कोयते, लग्नातले दिवे, देवगुडीत वाहायच्या वस्तू. शहरी गिऱ्हाईक त्यानंतरचे. जिथे गावाची गरज आटली, तिथे शहरी कौतुक ती पोकळी भरून काढू शकलेले नाही. एक मेळावा संपला की पुढच्या मेळाव्यापर्यंत हात रिकामे राहतात.

हाताने काय करायचे आणि यंत्राने काय, हा प्रश्न भिलाईला नवा नाही. कारखान्याला खनिज पुरवणाऱ्या दल्ली-राजहराच्या खाणींत शंकर गुहा नियोगी यांच्या छत्तीसगड माइन्स श्रमिक संघाने तो रोखठोक विचारला होता. संघटना 1977 मधली. पुढच्याच वर्षी बस्तरमधल्या बैलाडिलाच्या लोखंड खाणींत कंत्राटी कामगारांच्या कपातीचा वाद गोळीबारापर्यंत गेला. दल्लीतही पूर्ण यंत्रीकरण झाले तर हजारो कामगार, त्यात बायका मोठ्या संख्येने, रस्त्यावर येणार हे उघड होते. संघटनेने यंत्रे फोडायची भाषा केली नाही. तिने अर्ध-यंत्रीकरणाची योजना मांडली: काही टप्पे यंत्राकडे, काही माणसांकडे, आणि त्यामागे हिशेब. नियोगींची 28 सप्टेंबर 1991 रोजी भिलाईत हत्या झाली. त्यांच्या राजकारणाबद्दल मतभेद असू शकतात, पण कोणते काम यंत्राला द्यायचे हे त्या कामावर जगणाऱ्यांना विचारून ठरवावे, ही मांडणी मला मॉरिस यांच्या सगळ्या वेलबुट्टीपेक्षा जास्त पक्की वाटते. दोघांचा प्रश्न एकच होता. फक्त दल्लीत तो दिवाणखान्याच्या भिंतीपर्यंत जाऊन थांबला नाही.

यावर पहिला आक्षेप येतो तो आकड्यांचा. लाखो टन पोलाद काढणाऱ्या देशात मूठभर लोहारांची काळजी कशाला? कारखान्याने जेवढ्या घरांत चूल पेटवली, तेवढी कोणत्या कलेने पेटवली? मुद्दा खरा आहे. विदर्भातून, आंध्रातून, ओडिशातून, केरळातून माणसे इथे आली, मुले शिकली, घरे वर आली. पोलादाचा कारखाना बंद करून भाते चालवा, असे कोणी शहाणा म्हणणार नाही. गांधीजींनीही शिवणयंत्राला अपवाद केला होता, आणि वर्ध्याच्या मगनवाडीत 1934 पासून जे. सी. कुमारप्पा हाताच्या उद्योगांची अवजारेच सुधारत होते. मात्र कारखान्यांनाही आता पूर्वीइतकी माणसे लागत नाहीत. टनामागे लागणारे हात कमी होत असताना, थोड्या भांडवलात माणसाला पूर्ण काम देणारा धंदा हिशेबाबाहेर टाकणे कोणत्याही अर्थशास्त्रात बसत नाही.

दुसरा आक्षेप जास्त बोचरा आहे आणि तो बहुधा कारागिरांच्या मुलांकडूनच येतो. हाताचे काम म्हणजे धूर, भाजलेली बोटे आणि पाठीचे दुखणे. तुम्हाला त्यात काव्य दिसते कारण तुम्हाला ते करावे लागत नाही. याला प्रामाणिक उत्तर एकच: बरोबर आहे. म्हणूनच भात्याऐवजी विजेचा ब्लोअर आला तर नाक मुरडू नये, एखाद्याने वेल्डिंग वापरले तर त्याची परंपरा बाटली असे ठरवू नये. ठोकून केलेला जोड आणि वेल्डिंगचा जोड यांतला फरक गिऱ्हाइकाला सांगावा, दोन्हींचे भाव वेगळे ठेवावेत आणि निवड लोहारावर सोडावी. शहरातून आराखडे घेऊन येणाऱ्या डिझायनरांनाही हेच लागू आहे. वस्तू विकली गेली तर आराखड्याचे नाव होते, घाव घालणाऱ्याचे होत नाही, हा व्यवहार रस्किन यांनी टीका केलेल्या कारखान्याहून फारसा वेगळा नाही. भौगोलिक मानांकन मिळाले म्हणून हे आपोआप सुधारत नाही. ते नाव प्रदेशाचे राखते, माणसाचे नाही.

मग भिलाईने काय करावे? स्मृतिचिन्हे घेणे बंद करायची गरज नाही, पण खरेदीचा भार तिथून हलवावा. टाउनशिपमध्ये सेक्टरमागून सेक्टर क्वार्टर्स आहेत, बागा, शाळा, दवाखाने आहेत. त्यांना फाटके, जाळ्या, दिव्यांचे खांब, बाकांचे पाय लागतातच आणि दुरुस्तीही दरवर्षी निघते. त्या कामाचा ठरलेला हिस्सा कोंडागावच्या लोहारांच्या सहकारी संस्थांसाठी राखून ठेवता येईल. भिलाईच्या मिलमध्ये सळया आणि तारा निघतात. त्यातला थोडा माल मधल्या व्यापाऱ्याविना, छोट्या वजनात, कारखान्याच्या भावाने लोहारांना द्यावा. अशा मदतीसाठी पैसाही आहे: कंपनी कायद्याने नफ्यातले दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करायचेच आहेत. निविदेची भाषा मात्र बदलावी लागेल. आजच्या नमुन्याप्रमाणे दोनशे फाटके मिलिमीटरपर्यंत एकसारखी मागितली, तर ते काम पॉवर प्रेस असलेल्या ठेकेदाराकडेच जाणार. मजबुती, उंची आणि गजांमधले अंतर कारखान्याने ठरवावे, जाळीतली नक्षी लोहारावर सोडावी, प्रत्येक फाटकावर करणाऱ्याचे नाव कोरलेले असावे आणि बिल तीस दिवसांत चुकते व्हावे. यातली शेवटची अट लिहायला सर्वांत सोपी आहे. पाळायला सर्वांत अवघडही तीच, कारण कर्ज काढून पट्टी आणणारा लोहार सहा महिने थकलेल्या बिलाची वाट पाहू शकत नाही.