साडेएकोणतीस तास

जपानमधल्या इंग्रजी संभाषणाच्या शाळांत शिकवायला जाणाऱ्यांच्या करारपत्रात वर्षानुवर्षे एक चमत्कारिक आकडा असे : आठवड्याला साडेएकोणतीस तास काम. तीस का नाहीत, हे करारात कुठे लिहिलेले नसे. पूर्णवेळ कर्मचाऱ्याच्या तीन-चतुर्थांश, म्हणजे आठवड्याला साधारण 30 तास काम करणाऱ्याला कंपनीने आरोग्य विमा आणि निवृत्तिवेतन योजनेत घ्यावे आणि वर्गणीचा निम्मा वाटा स्वतः भरावा, असा तिथला दंडक. अर्धा तास कमी दाखवला की ही जबाबदारी आपल्यावर येत नाही, असे धरून कंपन्या चालत. शिक्षकाच्या आजारपणाची आणि म्हातारपणाची तरतूद त्या अर्ध्या तासात बुडाली.

आता त्या शिक्षकाचा दिवस पाहा. जपानीत ‘एइकाइवा’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या शाळा बहुधा रेल्वे स्टेशनलगत असतात. पातळ आडभिंती घालून केलेल्या छोट्या कप्प्यांत एक टेबल आणि दोन-चार खुर्च्या, हाच वर्ग. विद्यार्थी म्हणजे नोकरदार आणि शाळकरी मुले, त्यामुळे काम दुपारी सुरू होते ते रात्री नऊपर्यंत. शनिवार-रविवारी सर्वांत जास्त गर्दी. धडा 40-50 मिनिटांचा, दोन धड्यांच्या मध्ये पाच-दहा मिनिटे. तेवढ्यात गेलेल्या विद्यार्थ्याची नोंद लिहायची, येणाऱ्याची फाइल काढायची, त्याचा मागचा धडा कुठे थांबला ते पाहायचे आणि जमले तर घोटभर पाणी प्यायचे. अनेक करारांत मोजले जातात ते फक्त धडे. मधली मिनिटे आणि घरी केलेली तयारी कुणाच्याच हिशेबात येत नाही. आपल्याकडे तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्या प्राध्यापकांना यातले काही नव्याने समजावून सांगावे लागणार नाही.

जपानमध्ये कामगार कायदे दुबळे आहेत म्हणून हे चालते, असे मात्र नाही. 1947चा श्रममानक कायदा राष्ट्रीयत्वावरून वेतनात भेदभाव करायला मनाई करतो. सहा महिने नियमित काम केले की दहा दिवसांची भरपगारी रजा हक्काची होते, मग कर्मचारी कोणत्याही देशाचा असो. मुदतीच्या करारांवर एकाच मालकाकडे पाच वर्षांहून अधिक काम केले, तर बेमुदत नोकरी मागण्याचा हक्क 2013पासून मिळाला आहे. अडचण अशी की प्रत्येक हक्काला एक सीमारेषा आहे आणि करार लिहिणारे माणसाला नेमके त्या रेषेच्या अलीकडे उभे करतात. विम्याची रेषा 30 तासांची, तर काम साडेएकोणतीस तासांचे. कायम नोकरीची रेषा पाच वर्षांची, म्हणून करार एकेका वर्षाचा आणि पाच वर्षे भरण्याआधी नूतनीकरणाला नकार. याहून पुढची पायरी म्हणजे शिक्षकाला कर्मचारीच न म्हणता ‘स्वतंत्र कंत्राटदार’ म्हणणे. मग रजा नाही, विम्यात मालकाचा वाटा नाही आणि विद्यार्थ्याने धडा रद्द केला तर त्या तासाचे पैसे मिळण्याचीही खात्री नाही.

या व्यवस्थेत शिक्षक किती उघड्यावर असतो, ते 2007मध्ये साऱ्या जगाने पाहिले. 1981मध्ये स्थापन झालेली ‘नोव्हा’ ही तिथली सर्वांत मोठी शाळासाखळी. ‘स्टेशनसमोरच परदेशी शिक्षण’ ही तिची जाहिरात घरोघरी पोचलेली होती. विद्यार्थ्यांकडून आगाऊ घेतलेले पैसे परत देण्यावरून तक्रारी वाढल्या, सरकारने व्यवसायावर अंशतः बंदी आणली, पगार थकले आणि ऑक्टोबर 2007मध्ये कंपनी न्यायालयाच्या दारात गेली. चार हजारांवर परदेशी शिक्षक एका फटक्यात बेकार झाले. अनेकांची घरे कंपनीनेच भाड्याने घेऊन दिलेली होती. भाडे पगारातून दरमहा कापले जात होते, पण घरमालकांपर्यंत ते पोचलेच नव्हते. घर रिकामे करण्याच्या नोटिसा शिक्षकांच्या हाती पडल्या. काहींनी तर जेवणाच्या बदल्यात शिकवण्या घेतल्या. थकलेल्या पगारातला 80 टक्क्यांपर्यंतचा भाग सरकारी योजनेतून मिळण्याची सोय होती, ती या आपत्तीत उपयोगी पडली. पण नोकरी, घर आणि व्हिसाचा आधार या तिन्ही गोष्टी एकाच मालकाच्या मुठीत असल्या की काय होते, याचा हा धडा आहे आणि तो अजून जुना झालेला नाही.

दुसरे उदाहरण उमेद देणारे आहे. डिसेंबर 2007मध्ये ‘बर्लिट्झ’ या दुसऱ्या शाळासाखळीच्या शिक्षकांनी 4.6 टक्के पगारवाढ आणि एका महिन्याचा बोनस मागत संप सुरू केला. आज इथला एक तास बंद, उद्या तिथला, अशा रीतीने तो जवळपास अकरा महिने चालला आणि शंभराहून अधिक शिक्षक त्यात उतरले. कंपनीने संप बेकायदा ठरवून नुकसानभरपाईचा दावा लावला. फेब्रुवारी 2012मध्ये टोकियोच्या जिल्हा न्यायालयाने तो फेटाळला. जपानी राज्यघटनेचे 28वे कलम कामगारांना संघटनेचा आणि सामूहिक कृतीचा हक्क देते, आणि परदेशी शिक्षक त्या हक्काबाहेर नाहीत, हे यातून सिद्ध झाले.

सीमारेषाही आता सरकत आहेत. आठवड्याला 20 तास काम करणाऱ्यांना विम्यात घेण्याची सक्ती 2016मध्ये मोठ्या कंपन्यांवर आली. 2022मध्ये ती शंभराहून अधिक आणि ऑक्टोबर 2024मध्ये पन्नासहून अधिक कर्मचाऱ्यांच्या कंपन्यांना लागू झाली. आकाराची ही अट टप्प्याटप्प्याने पूर्ण काढून टाकण्याचा कायदा जून 2025मध्ये संमत झाला आहे. स्वतंत्र कंत्राटदारांना संरक्षण देणारा कायदाही नोव्हेंबर 2024पासून अमलात आहे. हे स्वागतार्हच आहे. पण नवी रेषा आली म्हणजे तिच्या किंचित अलीकडचे नवे करार येण्याचा धोकाही आला. तास मोजताना फक्त धडे न मोजता शिक्षकाला शाळेत थांबावे लागते तो सगळा वेळ मोजला पाहिजे. हे सक्तीने होत नाही, तोवर पळवाट बुजणार नाही.

मराठी वाचकाने हे कशासाठी वाचायचे? पुण्यात जपानी शिकणाऱ्या तरुणांची संख्या मोठी आहे. टोकियोच्या निशिकासाई भागात भारतीय कुटुंबांची मोठी वस्ती आहे आणि तिच्यात मराठी घरेही आहेत. जोडीदाराच्या नोकरीमुळे तिथे गेलेल्यांना परवानगी काढून आठवड्याला 28 तासांपर्यंत काम करता येते, आणि चांगले इंग्रजी येणाऱ्यापुढे शिकवण्याचे काम सहज येते. त्यांनी सही करण्याआधी चार प्रश्न विचारावेत. मी कर्मचारी आहे की कंत्राटदार? धड्यांमधल्या वेळाचे पैसे मिळणार का? आरोग्य विमा आणि निवृत्तिवेतनात माझे नाव कोण घालणार? आणि राहते घर कोणाच्या नावावर आहे? उत्तरे लेखी घ्यावीत. तिथे एकट्याने सभासद होता येईल अशा सर्वसाधारण कामगार संघटना आहेत. पहिला पगार हाती आला की त्यांतल्या एकीची वर्गणी भरावी. कायदा मागणाऱ्याच्याच बाजूने उभा राहतो, आणि एकट्याने मागणे अवघड असते.